फॅमिली रूममधली खुर्ची

परंड्याच्या स्टँडसमोरच्या त्या इमारतीला एकच धंदा नीट जमला, तो हॉटेलाचा. ते बंद पडल्यावर तिथं खताचं दुकान आलं, मग व्हिडिओ पार्लर, मग स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेलं ‘विनाकारण जास्त वेळ बसू नये’ मात्र कुठल्याच रंगाखाली दबेना. त्याच्याखाली पोरं पाच-पाच वर्षं बसून फौजदारकीचा अभ्यास करायची. सध्या तिथं दातांचा दवाखाना आहे.

हॉटेलात मागच्या बाजूला फॅमिली रूम होती: सनमायकाचा आडोसा आणि हिरवा पडदा. तालुक्यातले मुली बघायचे निम्मे कार्यक्रम तिथंच होत. माझाही तिथंच झाला, भजी आणि स्पेशल चहावर. त्यावरून माझ्या थोरल्या बहिणीनं सिद्धांत काढला, की त्या खोलीत जमलेलं लग्न मोडत नाही. पुरावा म्हणून ती माझ्याकडं बोट दाखवते. “मोडलं न्हाय म्हंजी चाललंय असं न्हाय,” असं माझी बायको म्हणते, पण तिला कोण विचारतो.

बहिणीचा मुलगा साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. वय चौतीस. त्याला इतके नकार आले होते, की नुसता फोन वाजला तरी बहीण दचकायची. शेवटी भूमकडची, मेडिकल दुकान चालवणारी एक मुलगी भेटायला तयार झाली. बहिणीनं फर्मान काढलं: कार्यक्रम फॅमिली रूममध्येच. तिथं आता दात काढतात, हे मी परोपरीनं सांगितलं. खोली तीच हाय ना, एवढंच तिनं विचारलं.

खोली तीच होती. सनमायकाही तोच. डॉक्टरीणबाई मात्र नियमाच्या पक्क्या. केसपेपरशिवाय आत कुणाला सोडणार नाही म्हणाल्या. मी हुशारीनं भाच्याच्या नावानं केसपेपर काढला.

आत खुर्ची एकच, तीही आडवी होणारी. मानाची जागा म्हणून नवऱ्यामुलाला तिच्यावर बसवलं. बाईंनी कळ दाबली आणि आमचा नवरामुलगा पाय वर करून आडवा झाला. तोंडावर दिवा. एका बाजूला स्टुलांवर मुलगी आणि तिचे मामा, दुसऱ्या बाजूला पोह्यांचा डबा धरून बहीण. मुलीचे मामा मोठ्यानं बायोडाटा वाचत होते. ते ‘निर्व्यसनी’पाशी आले, मी भारदस्तपणे मान डोलावली, आणि तेवढ्यात भाच्याच्या तोंडात आरसा घालून बाईंनी विचारलं, “गुटखा किती वर्षं खाताय?”

मामांनी बायोडाट्याची घडी घातली. बहिणीनं डब्याचं झाकण लावलं. भाच्यानं बाईंचा हात हळूच बाजूला केला.

“आठ वर्षं,” तो पडल्या पडल्याच म्हणाला. “ते निर्व्यसनी माझ्या मामानं लिहिलंय.”

मुलगी उठली. संपलं, असं मला वाटलं. पण ती दिव्यापाशी जाऊन वाकली आणि जनावरांच्या बाजारात बघतात तसं तिनं त्याच्या तोंडात निवांत बघितलं. मग बाईंना विचारलं, यांना किती वेळा यावं लागंल. चार वेळा, बाई म्हणाल्या.

“मी चारी वेळा येते,” ती भाच्याला म्हणाली. “एकदा जरी खिशात पुडी घावली, तर तिथनंच माघारी.”

ती चारी वेळा आली, दर वेळी आधी खिसे तपासून मगच स्टुलावर बसली. चौथ्या वेळी दाढेवर टोपी बसली आणि लग्न ठरलं. तिथंच सुपारी फोडायची असा बहिणीचा हट्ट. बाई म्हणाल्या, माझ्या दवाखान्यात सुपारी चालणार नाही. मग साखर? तीही नाही. शेवटी नारळावर भागवलं.

आता बहिणीनं त्या खोलीची कीर्ती इतकी पसरवली आहे, की बाईंनी दारावर पाटी लावली: ‘स्थळ बघायला येणाऱ्यांनी मुलाचा केसपेपर आधी काढावा.’ निम्म्या पेशंटांचे दात ठणठणीत असतात म्हणे.

परवा माझ्या बायकोनं माझ्या नावानं केसपेपर काढला.

“माझं कुठं दुखतंय?” मी विचारलं.

“न्हाय दुखत,” ती म्हणाली. “आपल्या टायमाला नुसतीच भजी खाल्ली. बघायचं ऱ्हायलंच.”