हौदातले गोचीड

कारंज्याच्या पुंजाजी भोयाला नुसतं पाणी दाखवा, आत काय आहे ते तो काठावरूनच सांगायचा. अडाण नदीत जाळं टाकायचं अन् बाजारात मासे विकायचे, यातच त्याची साठी उलटली. जीभ मात्र विळ्यासारखी. अशा माणसाचं कस्तुराबाईंच्या जैन घरी काय काम? जिथं कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही!

काम होतं हौदाचं. बाईंच्या नवऱ्याने, शेठजींनी, एकदा मुंबईहून लाल मासोळ्या आणल्या होत्या, मूर्तिजापुरापासून छोट्या आगगाडीत डबा मांडीवर घेऊन. पुढच्या वर्षी शेठजी गेले. मासोळ्या राहिल्या, अन् बाईंचा जीव त्यांच्यात अडकला. हौद धुवायला पुंजाजी यायचा.

त्या उन्हाळ्यात मासोळ्या दगडाला अंग घासू लागल्या. एक मेलीही.

पुंजाजीने एक हातात धरून पाहिली. "गोचीड लागले, बाई. पान्यातले."

"औषध नाही का रे?"

"हाये ना. हिंगणबेट, हिंगनाच्या झाडाचं फळ. डबक्यात लय कालवलं तं मासे उताणे पडतात, आमी तसेच तं धरतो. पन इत्तुसंच टाकलं तं मासोळी वाचते, गोचीड मरतात."

बाई चपापल्या. "मरतात? नाही रे बाबा! एका जीवासाठी दुसरा मारू?"

पुंजाजीने कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी आणखी एक मासोळी तरंगली अन् बाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनीच तोड काढली. औषध अगदी पातळ करायचं, गोचीड सुटले की वाटीत घ्यायचे अन् जिवंत नदीत सोडायचे.

"नदीत?" पुंजाजीने विचारलं. तिथल्या माशांना गोचीड लागले तर? त्याच नदीवर त्याची चूल पेटत होती. पण बाईंचे डोळे रडून सुजलेले. तो "बरं" म्हणाला.

सकाळी त्याने हिंगणबेटाचा गर घमेल्यात कालवला, बोट बुडवून चाखला, थुंकला, पुन्हा पाणी घातलं. पहिली मासोळी आत सोडली अन् ती उताणी झाली. बाईंनी किंकाळीच फोडली! पुंजाजीने तिला झटकन चांगल्या पाण्यात घेतलं, तिचं तोंड पुढे करून तिला मागेपुढे हलवत राहिला. कल्ले उघडले. शेपटी हलली. घमेल्यात गोचीड वळवळत होते. दुपारपर्यंत सगळ्या मासोळ्या मोकळ्या झाल्या अन् बाई हसल्या. शेठजी गेल्यापासून पुंजाजीने ते हसू पाहिलं नव्हतं.

मग गोचिडांची वाटी घेऊन तो नदीवर गेला. भोयांची जाळी वाळत होती, पाण्यात माशांची पोरीच्या बोटाएवढी पिल्लं खेळत होती. या पिलायच्या अंगावर हे सोडू? मग त्याने वाटी तापलेल्या खडकावर उपडी केली.

"पाप माह्या डोक्यावर," तो मोठ्यानं म्हणाला. पण मन काही हलकं झालं नाही.

परतताना त्याने खोटं जुळवून ठेवलं. एरवी बाई भाजीवालीलाही चारदा विचारायच्या, कुठून आणली, कधी तोडली. आज त्या दारातच बसल्या होत्या.

"ऊन लय आहे रे. पाणी पे."

त्यांनी वरून पाणी ओतलं. ओंजळ भरून सांडू लागली तरी पुंजाजीने ती तोंडाला लावली नाही.

"सोडले, बाई. जित्ते सोडले."

"मी इचारलं का तुले?" बाई म्हणाल्या, अन् खाली मान घालून पाणी ओतत राहिल्या.