देव्हाऱ्यातली पट्टी

आमच्या गल्लीतल्या मल्लव्वाची जीभ कडक आणि भाकरीही कडक. पासष्टीतही ती पाठ ताठ ठेवून भाकऱ्या थापायची, विकायची आणि संध्याकाळी बायकांना कन्नड पोथी वाचून दाखवायची. मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. तासाला मराठी किंवा तेलुगू बोललेल्या पोराच्या तळहातावर छडी ओढायचो, आणि वर मिरवायचोही. हे आधीच कबूल केलेलं बरं.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाहून नोरा फ्लॅनरी नावाच्या बाई सोलापुरात आल्या. त्यांचे आजोबा इथे रेल्वेत साहेब होते. मूळचे आयर्लंडचे, पण आपलं गाव कोणतं, शाळा कोणती, हे त्यांनी मुलालाही कधी सांगितलं नाही. तो मुलगा, म्हणजे नोराबाईंचे वडील, आता अंथरुणाला खिळला होता. डोळे मिटण्याआधी बापाचं गाव कळावं, एवढाच त्याचा ध्यास होता. रेल्वेच्या जुन्या कागदांना वाळवी लागलेली. कुणीतरी सांगितलं, साहेबाच्या माळ्याची, ईरप्पाची, मुलगी अजून आहे. ती मल्लव्वा. दुभाष्या म्हणून मला धरून नेलं.

"गाव मला काय ठावं?" मल्लव्वा म्हणाली. "पर मला वाचाय आलं ते साहेबामुळं. शाळंत कानडी बोलले म्हून मास्तरनं हानलं, तर मी बागंत रडत बसले. साहेबानं इचारलं, मी सांगितलं. त्येंचं तोंड लालबुंद झालं. धारवाडहून कानडी अंकलिपी मागवली. पार्सल हापिसातला कानडी कारकून रोज व्हरांड्यात बसवून मला शिकवाय लावला. सोता बाजूला बसून ऐकायचं."

मग तिने देव्हाऱ्यातून एक लाकडी पट्टी आणली. वीतभर लांब, वर दोरीसाठी भोक, कडेला खाचा.

"आमी गळ्यात इष्टलिंग बांधतो की, तसा ह्यो साहेबाचा देव. 'ल्हानपनी माझ्या गळ्यात असायचा' असं त्येच म्हनालेलं. ते वारल्यावर मडमेनं सामान काढलं, तवा केरात पडला हुता. देव केरात टाकत्यात व्हय? पन्नास वर्सं रोज इभूत लावतीया."

नोराबाईंनी पट्टी उजेडात धरली. रोजची विभूती कोरलेल्या इंग्रजी अक्षरांत घट्ट बसली होती. झिजलेल्या, काळ्या लाकडावर ती अक्षरं पांढरीशुभ्र उठून दिसत होती: किलबेग स्कूल. गाव आणि शाळा एकदमच सापडली. बाई ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

पण त्यांची बोटं खाचांवर गेली आणि चेहरा उतरला. तो देव नव्हता. आयर्लंडच्या शाळांत पोरांच्या गळ्यात अशी पट्टी अडकवत, त्यांनी सांगितलं. पोरगं इंग्रजी सोडून घरची आयरिश भाषा बोललं की एक खाच. शाळा सुटताना खाचा मोजायच्या आणि तितके फटके द्यायचे. हे मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली.

मल्लव्वाने बोट फिरवून खाचा मोजल्या. सत्तावीस.

"म्हून मला कानडी शिकिवलं व्हय," ती हळूच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. "लई उपकार झालं बाई तुमच्या आज्याचं." पट्टीला कपाळ टेकवून तिने ती नोराबाईंच्या हाती दिली. "बापाला दावा." मग माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी किती हानता ओ?"

दुसऱ्या दिवसापासून छडी उचलली नाही, पण टाकवतही नव्हती. फेब्रुवारीत नोराबाईंचं पत्र आलं. वडिलांनी पट्टी छातीशी धरली, गावाचं नाव स्वतः वाचलं आणि चार दिवसांनी ते शांतपणे गेले. मल्लव्वाने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मी घरी जाऊन छडी आणली आणि तिच्या चुलीत सारली. तिने त्याच जाळावर भाकरी भाजली आणि पहिली माझ्या ताटात वाढली.