बाईंचे अकरा धडे

माझा स्वभाव घाईचा. चहा उकळायच्या आत मी तो गाळते, असं आमचे हे गल्लीभर सांगत असतात. आमचं दोघांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सर्किटच्या तारांना बारीक डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम ह्यांचं, डिस्क बदलणं आणि विंडोज टाकणं माझं. गिऱ्हाइकाशी भांडणंही माझ्याच वाट्याला. पण एका गिऱ्हाइकापुढे माझी जीभ कधी चालली नाही. त्या म्हणजे बाई.

बाईंनी तीस वर्षं टेलिफोनच्या चौकशी खात्यात काढली. गावाला नंबर सांगून सांगून आवाज असा घोटीव झालेला की नुसतं ‘थांबा हं’ म्हणाल्या तरी माणूस आनंदाने थांबावा. निवृत्त झाल्या आणि अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली रस्त्याचा गोंगाट. म्हणून त्यांनी कपड्यांच्या कपाटात कोटांच्या मधोमध माइक टांगला होता. स्टुलावर बसायचं, कपाटात तोंड घालायचं आणि भूगोल वाचायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना.

“हस, हस,” बाई म्हणाल्या. “शेजारीण तर सांगत फिरते, मी कपड्यांशी भांडते म्हणून.”

गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. कायमचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीपर्यंत त्यांनी इतिहासाच्या नव्या पुस्तकाचे अकराच्या अकरा धडे वाचून संपवले होते. रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून अंधशाळेत पाठवायचे तेवढे राहिले. शाळेतली एक मुलगी त्यांची वाट बघत होती, परीक्षा दीड महिन्यावर आलेली. आणि बाईंचं मशीन इतकं संथ झालेलं की जोडायचा प्रोग्राम उघडेपर्यंत भाजी निवडून व्हावी.

बाई मशीन घेऊन दुकानात आल्या. गळ्यात वही अडकवलेली, दोरीला पेन्सिल. त्यांनी लिहिलं, ‘जुनी डिस्क काढू नकोस. त्यात सगळं आहे.’

“काढते कशाला?” मी म्हटलं. “दोन्ही ठेवू. नवी एसएसडी चपळ, तिच्यावर विंडोज आणि तुमचा प्रोग्राम. जुनी हार्ड डिस्क संथ, पण पोट मोठं. तिनं नुसतं सांभाळायचं. एकीनं पळायचं, दुसरीनं घर धरायचं.”

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात भिंग लावून बसलेल्या ह्यांच्याकडे, आणि लिहिलं, ‘म्हणजे तुम्हा दोघांसारखं.’ हे एवढे हसले की हातातला चिमटा पडला.

आता माझा गुन्हा सांगते. आमच्या दुकानाचा एक नियम आहे. नव्या डिस्कवर विंडोज टाकताना जुनीची केबल काढून ठेवायची, मग चूक करायची म्हटली तरी होत नाही. नियम ह्यांचा, आणि त्यावरून ह्यांना चिडवायचं काम माझं. त्या दिवशी तीन मशीनं खोळंबली होती. केबल काढा, परत लावा, कोण करत बसणार? पडद्यावर दोन डिस्क दिसल्या, शून्य आणि एक. पुढचे आकडे नीट वाचलेही नाहीत. नवी म्हणजे शून्यच असणार, असं मीच ठरवलं. पुसलं, विंडोज टाकलं.

मशीन सुरू झालं ते कुरकुरत. एसएसडी कुठे कुरकुरते? तिला तर आवाजच नसतो. मी बाईंची डिस्क पुसली होती.

“अहो,” मी हाक मारली. हे उठून आले, पडदा बघितला आणि भिंतीतला प्लग ओढला. “आता हिला हात लावू नकोस. तिच्यावर अजून काही लिहिलं जायला नको,” एवढंच बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला नुसतं रडू येत होतं.

पुसलेलं परत मिळवायला तीन दिवस लागले. जे हाती आलं त्याला नावगाव काही नव्हतं. एकोणीसशे तुकडे, नुसते आकडे. बाईंचं बारा वर्षांचं वाचन एका ढिगात. त्यातला इतिहास वेगळा काढायचा तर एकच मार्ग, ऐकायचं.

जिला दोन मिनिटांचा निरोपही पूर्ण ऐकवत नाही, ती मी कानाला हेडफोन लावून सोळा दिवस बसले. कामं सगळी ह्यांनी ओढली. मी बाई ऐकत होते. हिमनद्या, अपूर्णांक, बेडकाचं हृदय. मध्येच शिंक, मग “माफ करा हं मुलांनो.” एका ठिकाणी सैनिक घरी परततो तिथे बाईंचा गळा दाटला होता, त्यांनी ते वाक्य पाच वेळा वाचलं होतं, कोरड्या आवाजात जमेपर्यंत. तेव्हा मात्र मी हेडफोन काढून ठेवला.

धडे आठच मिळाले. नऊ, दहा आणि अकरा जिथे होते नेमकं तिथेच माझं विंडोज जाऊन बसलं होतं.

आतापर्यंत ‘वेळ लागतोय’ म्हणून बाईंना टाळलं होतं. शेवटी तिसरा मजला चढले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नियम कसा मोडला तेही. “बाई, तुमचा आवाज मी घालवला. मला हवं ते बोला,” म्हटलं. मग जीभ चावली. काय बोलणार होत्या त्या?

बाईंचे डोळे भरले. त्यांनी लिहिलं, ‘सगळं ऐकलंस?’

“एकोणीसशेच्या एकोणीसशे.”

‘बेडूकसुद्धा?’

“बेडूकसुद्धा.”

त्या रडता रडता हसायला लागल्या. लिहिलं, ‘बारा वर्षांत कुणी ऐकताना मी पाहिलं नाही.’ मग उठल्या, इतिहासाचं पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि कपाट उघडलं.

“मी? अहो बाई, माझा आवाज म्हणजे फाटका ढोल!”

बाईंनी स्टुलाकडे बोट दाखवलं. परीक्षेला एकवीस दिवस उरले होते.

नऊ दिवस मी कोटांमध्ये तोंड घालून वाचलं. बाई शेजारी बसायच्या. मी पळायला लागले की माझ्या पाठीवर हात ठेवायच्या. उच्चार चुकला की पुस्तकात खूण. एक पान चौदा वेळा वाचायला लावलं, निर्दयी कुठल्या! अकरा धडे पुरे करून शाळेत पाठवले तेव्हा परीक्षेला दहा दिवस बाकी होते.

पेपर झाल्यावर त्या मुलीने आवाजी निरोप पाठवला. बाईंनी तो दुकानात आणला आणि आम्ही तिघांनी ऐकला.

“बाई, पेपर छान गेला. एक विचारू? शेवटचे तीन धडे कुणी वाचलेत? आवाज दुसराच आहे. पण तुम्ही जिथे श्वास घेता ना, तिथेच त्याही घेतात. तुमची मुलगी आहे का?”

मी घाईघाईने निरोप बंद करायला गेले. बाईंनी माझा हात धरला. वही पुढे ओढली, एकच शब्द लिहिला आणि मला दाखवून त्या मुलीला पाठवायला सांगितला.

‘हो.’