कॉम्प्युटरवरचा चौथा धडा

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत दोन महिने गेलो असेन. नोकरीत असताना कुणी विचारलं तर मी सातवी सांगायचो, आणि सांगताना मान खाली घालत नव्हतो, कारण माझ्या खोलीतलं काम बीएस्सी झालेल्यांनाही माझ्याकडूनच शिकावं लागायचं.

नाशिकच्या बाहेर आमचं संशोधन केंद्र होतं. द्राक्ष, कांदा, टोमॅटो यांच्यावर पडणाऱ्या रोगांचा अभ्यास तिथे चालायचा. बुरशी वाढवायची तर आधी बाटल्या आणि त्यांतलं चिकट खाद्य वाफेवर निर्जंतुक करावं लागतं. त्यासाठी कमरेएवढं उभं यंत्र होतं. साहेब लोक त्याला ऑटोक्लेव्ह म्हणत, आम्ही कुकर. झाकणाला गोल फिरवायचे नट, वर दाबाचा काटा, बाजूला वाफ सोडायची तोटी. त्या कुकरवर मी वीस वर्षं काढली. तोटी उघडली की वाफ ओरडायची, आणि ओरडणं थांबलं की मी नट ढिले करायचो. काट्याकडे बघायची मला गरज पडत नव्हती.

नव्वदच्या सुमाराला ट्रेनिंग म्हणजे काय असायचं? एखादे साहेब तासभर बोलायचे, मग चहा-बिस्किटं यायची आणि एक कागद सगळीकडे फिरायचा. त्यावर सही केली की ट्रेनिंग झालं. जो शेतात असेल त्याची सही शेजारचा करून टाकायचा. त्यात चोरी आहे असं कुणाला वाटत नव्हतं. कागद भरला पाहिजे, एवढंच.

दोन हजार सालानंतर वरच्या ऑफिसातून फर्मान आलं, की आता ट्रेनिंग कॉम्प्युटरवर होईल. ते उभं करायचं काम एका तरुण मॅडमना दिलं. बाई मेहनती. वर्षभर वही घेऊन प्रत्येकाच्या मागे फिरल्या. कोण काय करतो, कुठे हात भाजतो, कुठे काच फुटते, सगळं लिहून घेतलं. भिंतीवर मोठा कागद लावून चौकटी काढल्या: आधी कोणता धडा, नंतर कोणता, परीक्षा कधी. माझ्याकडे तर तीनदा आल्या. माझ्या हातांचे फोटो काढले.

"काका, झाकण उघडायची वेळ झाली हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"कानावरून. वीस वर्षांत एकदाही चुकलो नाही."

त्यांनी ते वहीत लिहिलं.

पुढे धडे तयार झाले आणि त्यांनी ते कायम नोकरीतल्या सगळ्यांना पडद्यावर दाखवले. चौथा धडा कुकरचा. त्यात नटावर ठेवलेला माझा हात होता आणि त्यावर लाल फुली. खाली लिहिलेलं मी अक्षर लावून वाचेपर्यंत शेजारच्या ड्रायव्हरने मोठ्याने वाचलं, "आवाजावर विसंबू नका. काटा शून्यावर आल्याशिवाय नटाला हात लावू नका." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मामा, फोटो भारी आलाय. फुलीसकट!"

सगळे हसले. मॅडम घाईने म्हणाल्या, "काका, तुमचं नाव कुठेही टाकलेलं नाही." पण हात कुणाचा हे त्या खोलीत कुणाला कळलं नव्हतं? मी उठून बाहेर गेलो. त्या दिवसापासून त्या कॉम्प्युटरचं आणि माझं वाकडं.

माझ्या हाताखाली पेठ तालुक्याकडची एक बाई होती. बाटल्या धुणं, भरणं, कुकरला लावणं हे तिचं काम. आठ वर्षं रोजंदारीवर होती. घरी नवरा, दोन मुली, डोंगरात थोडी भाताची खाचरं. आधी हे लोक भात कापून झाला की द्राक्षाच्या कामाला खाली यायचे. तिला ते परत नको होतं. त्या वर्षी कायम करायच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. ऑर्डर निघायची बाकी होती, आणि वरून अट आली होती की कॉम्प्युटरची परीक्षा पास पाहिजे.

तिला अक्षर येत नव्हतं. पण धड्यात मॅडमनी स्वतःच्या आवाजात सगळं मराठीतून सांगितलं होतं, कानाला लावून ऐकायची सोय होती. तिने ते दारातून पाहिलं होतं.

आमच्या क्लार्कला आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. त्याने एका दुपारी अकरा जणांची परीक्षा देऊन टाकली. उत्तरांची चिठ्ठी पुढ्यात ठेवायची, एकेकाचं नाव घालायचं आणि बटण दाबायचं. माझीही परीक्षा त्यानेच दिली. पूर्वी सहीचा कागद भरायचा तसंच हे. तिची पाळी आली तेव्हा ती दारात उभी.

"भाऊसाहेब, मला बसून ऐकायचं हाय. ती मॅडम काय सांगते ते."

भाऊसाहेब म्हणाला, "बाई, ऐकत बसलीस तर संध्याकाळ होईल. मला अजून चार जण उरकायचेत."

तिने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं असतं तर त्याने खुर्ची दिली असती. माझा तिथे तेवढा शब्द होता. मी म्हणालो, "त्या डब्याचं काय ऐकतेस? तुला कुकर कुणी शिकवला? मी का त्याने? चल, बाटल्या पडल्यात धुवायच्या."

ती आली. बाटल्या धुतल्या. पूर्ण मार्कांनी पास झाली.

महिनाभराने मला साहेबांनी नाशकात द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून काचसामानाचं पार्सल सोडवायला पाठवलं. मागे कुकर तिच्याकडे. खाद्य उतू जाऊन तोटीत अडकलं होतं. तोटी थोडी ओरडली आणि तुंबली. आवाज बंद. आत दाब तसाच. काटा ते दाखवत होता, पण तिला मी काटा शिकवलाच नव्हता. तिने माझ्यासारखं केलं. दोन नट सुटले आणि तिसरा फिरवताना झाकणाच्या फटीतून वाफ आली ती थेट डाव्या गालावर, मानेवर, हातावर.

मी पार्सल घेऊन आलो तेव्हा खोली पुसलेली होती. तिला दवाखान्यात नेलं होतं. तोटीतून तारेने ते वाळलेलं खाद्य मीच काढलं.

चौकशी बसली तेव्हा तिच्या गालावरची पट्टी निघाली नव्हती. तीन साहेब टेबलाच्या पलीकडे, आम्ही दोघं अलीकडे. मधल्या साहेबांसमोर कॉम्प्युटरवरून काढलेला कागद होता.

"आवाज थांबला म्हणजे दाब संपला, बरोबर की चूक, असा प्रश्न होता. तुम्ही 'चूक' असं उत्तर दिलंय. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग नट का सोडले?"

तिने पदर गालावरच्या पट्टीवर ओढून घेतला.

"बोला ना बाई. धडा समजला नव्हता का?"

मी तिथे बसलो होतो. सांगायचं तर सगळं सांगावं लागणार. तिने धडा ऐकला नाही, कारण मी ऐकू दिला नाही. नट असे सोडायचे हे माझंच शिकवणं. आणि माझी परीक्षा पण क्लार्कने दिली, कारण चारचौघांपुढे मला एकेक अक्षर लावत वाचायचं नव्हतं. मी पायाकडे बघत राहिलो.

ती म्हणाली, "माझी चूक झाली साहेब."

मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" मी मान हलवली. नाही.

यादीतून नाव गेलं. पुढच्या महिन्यात रोजंदारीही बंद झाली. शिकवून, परीक्षा घेऊनही हलगर्जीपणा केला, असा शेरा पडला.

पंधरा दिवस मी काम केलं. आता काट्याकडे बघायचो. मग एक दिवस मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं.

"अकराही जणांचं?"

"अकराही जणांचं."

त्या भिंतीवरच्या चौकटींपाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, आपलं केंद्र सगळ्यांत आधी पूर्ण झालं म्हणून मी वर कळवलंय. आता दुसऱ्या केंद्रांत हेच धडे जाणार आहेत." तरी त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. फाईल बंद झाली आहे, एवढंच सांगितलं.

"मग मला परत परीक्षेला बसवा," मी म्हणालो. "मी स्वतः देतो."

"नापास झालात तर कुकरवर ठेवता येणार नाही मला."

"नका ठेवू."

बसलो. चौथा धडा पहिल्यांदा ऐकला. मॅडमनी तो इतका सावकाश, इतका सोपा सांगितला होता की लहान पोरालाही कळावा. तोटी तुंबू शकते हेही त्यात होतं. प्रश्न मात्र नुसते लिहिलेले. मी अक्षर लावत गेलो, पडद्यावरचं घड्याळ पळत गेलं, निम्मे प्रश्न राहिले. नापास. ती बसली असती तर तीही नापास झाली असती. पण धडा ऐकून उठली असती.

मला रोपांच्या शेडवर पाठवलं. निवृत्त होईपर्यंत तिथेच पाणी घातलं. कुकरवर जो नवा माणूस आला त्याची परीक्षाही भाऊसाहेबानेच दिल्याचं मला कळलं. मी जाऊन त्याला काटा दाखवून आलो.

निवृत्तीच्या आधी एक रविवार बघून एसटीने तिच्या गावी गेलो. ती अंगणात भात पाखडत होती. मला बघून सूप टाकून धावतच आली. गालावरचं कातडं अजून चकचकीत होतं.

"दादा! ऑर्डर निघाली का?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. चूक माझी होती, हे मी मॅडमना सांगितलं, त्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं, माझं कुकरचं काम गेलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजे आता सायबांना खरं कळलं."

"कळलं."

"मग मला परत घेत्याल ना?"

"नाही," मी म्हणालो. तिने थोडा वेळ वाट बघितली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग मुलीला हाक मारून माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं आणि जाऊन सूप उचललं. पाणी पिऊन मी फाट्यावर आलो. परतीच्या गाडीला दोन तास होते.