गिरजाला घरी पोचवताना: नागपूर ते लाखनी

गिरजाला न्यायला घरचं कुणी येईना, तेव्हा मी म्हटलं, चल, आपणच जाऊ. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नागपुरात मनोरुग्णांच्या दवाखान्यात मी समाजसेविका होते. गिरजा बरी होऊनही वॉर्डातच अडकली होती.

सकाळची एसटी धरली. भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला गरमागरम आलूबोंडे खाल्ले, वर चहा. (आता रस्ता रुंद झालाय, गाड्या भरधाव निघून जातात. तुम्ही मात्र थांबा!) भंडारा मागे पडलं, वैनगंगेचा पूल आला, तशी गिरजाने माझा हात घट्ट धरला.

"बाई, वयनी मले घरात घेईन ना?"

"घेईल," मी म्हटलं. खात्री मलाही नव्हती.

लाखनीला उतरून धानाच्या बांधावरून चालत गाव गाठलं. रोवण्याचे दिवस. चिखलात वाकून बाया रोपं लावत होत्या.

वहिनी दारातच उभी राहिली. "मागं बी बरी होऊनच आलती," ती मला म्हणाली. "गोळ्या सरल्या. रोवणा सोडून नागपूरले कोन जाईन? एक दिवस तलावात शिरली. म्याच ओढून काढलं तिले." तिचे डोळे भरून आले. "घर तिचंच हाय, बाई. पन गोळ्या कोन आनून देईन?"

तिने आधी जेवू घातलं: वाफाळता भात, लाखोळीची डाळ, तलावातले झिंगे. काय चव होती! जेवताना मी विचारलं, "लाखनीला जाणं होतं का?"

"बाजाराले तं दर आठवड्याले जातो."

मुक्काम करून सकाळी वहिनीसोबतच लाखनीचा सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर बिचकले. "वेडाचं औषध मी कसं देऊ?"

"आमचे डॉक्टर लिहून देतील. मी दर महिन्याला आणीन. तुम्ही बाजाराच्या दिवशी द्यायचं."

वहिनी म्हणाली, "साहेब, तापाची गोळी देता नं? तशीच द्या."

ते हसले आणि कपाटाचा एक कप्पा रिकामा करू लागले.

निरोप घ्यायला परत गावी गेले तर गिरजा बांधीत, धानाच्या शेतात, बायांच्या ओळीत. तिने चिखलाचा हात हलवला आणि पुन्हा वाकली.

पुढे कितीतरी वर्षं मी ती वाट तुडवली. आसपासच्या गावांतली माणसंही भाजीच्या पिशवीतून गोळ्या नेऊ लागली. पण मनात राहिली ती पहिल्या फेरीनंतरची संध्याकाळ. वॉर्डात बायांनी मला घेरलं. "गिरजा वापस आली का?"

"नाही. घरीच राहिली."

त्याच वाटेवरच्या साकोलीकडची कौसल्या उठली आणि आपल्या लुगड्यांच्या घड्या घालायला लागली.

"मंग मले कवा नेता?"