पाठीमागची खुर्ची

चष्मा काढायचा, काड्या मिटायच्या, सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि म्हणायचं, ‘‘रिकामटेकडे आहेत सगळे!’’ झाला निकाल. मग समोर सिनेमा असो, सोसायटीची मीटिंग असो, नाहीतर कोणाच्या मुलीचा नाच असो. वर्तकनगरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले हे काका बँकेतून रिटायर झाले होते, पण प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारायची खोड काही सुटली नव्हती. तुमच्याही मजल्यावर असा एखादा नग असेलच. नसेल तर देवापुढे नारळ फोडा.

मला हा माणूस आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण जिवंतपणी त्यांनी दुसऱ्याला बोलायला फट ठेवली असती तर तेव्हाच नसते का बोलले? काकूंचं तर एक वाक्य धड पुरं होऊ द्यायचे नाहीत. काकूंनी ‘‘आज तो भाजीवाला...’’ म्हणावं, की हे सुरू, ‘‘लुच्चा आहे तो! काय झालं ते मी सांगतो.’’ अहो, भाजी काकूंनी आणली. तुम्ही काय सांगताय, कपाळ?

त्यात मनूचं प्रकरण झालं. मनू त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं खाडीकडच्या एका कोळ्याच्या मुलाशी लग्न केलं आणि कल्याणला संसार थाटला. मुलगा इंजिनीअर, शांत, बोलायला गोड. पण काकांनी फर्मान काढलं, ‘‘या घरात तिचं नाव घ्यायचं नाही.’’ आणि याच माणसाला दर रविवारी पापलेट लागायचं, तेही कोळणीशी तासभर हुज्जत घालून, स्वतः कल्ले उचलून बघितलेलं. कोळणीचं पापलेट चालतं, कोळी जावई चालत नाही. वा रे वा!

काकू आधीच कमी बोलायच्या, त्या आता बोलेनाशाच झाल्या. जेवण कमी झालं, झोप उडाली. काय विचारलं तरी नुसतं ‘हं’. मला बघवेना. मी काकांना म्हटलं, ‘‘एखाद्या काउन्सेलरकडे न्या ना त्यांना. मनातलं बोलल्या की मोकळ्या होतील.’’

‘‘बाहेर जाऊन बोलायचं? घर पडलंय की बोलायला!’’

‘‘घरात? तुमच्यासमोर?’’ मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा पडदा लावून सिनेमा दाखवतात. निवड माझ्याकडे होती. मुद्दाम, हो, अगदी मुद्दामच मी एक परदेशी सिनेमा लावला. शंभरेक वर्षांपूर्वीचा काळ, घोडागाड्या, दाढीवाले डॉक्टर आणि मनाचा आजार नुसतं बोलून बरा करायची त्यांची नवी टूम. बाई कोचावर आडवी पडते, डॉक्टर तिच्या डोक्यामागे खुर्ची टाकून बसतो, ती बोलते आणि तो ऐकतो. म्हटलं, बघ बाबा, ऐकणं नावाचीही गोष्ट असते जगात.

काका पहिल्या रांगेत. कॉमेंट्री चालूच. ‘‘बाई आजारी, तर हा नाडी बघत नाही, जीभ बघत नाही, सिगार ओढतोय! ... गालिचा बघा केवढा, झाडत कोण असेल? ... आणि हा शिष्य! गुरूच्या ताटात जेवला आणि आता म्हणतो गुरूचंच चुकलं. कृतघ्न लेकाचा!’’ अर्धा हॉल हसत होता, अर्धा ‘शू शू’ करत होता.

मग ती बाई आपल्या वडिलांबद्दल बोलायला लागली. त्यांनी कसं दार लावून घेतलं, वगैरे. ‘‘ढकला, सगळं बापावर ढकला!’’ काका ओरडलेच. ‘‘सोप्पं आहे!’’ शेजारी काकूंच्या हातात बटाटावडा तसाच राहिला होता. काकांनी तिकडे एकदा बघितलं, चष्मा खिशात टाकला आणि थोड्या वेळात घोरायला लागले. तेही असं की डॉक्टरांचे संवाद ऐकू येईनात.

सिनेमानंतर चहा घेताना साहेब पुन्हा ताजेतवाने. ‘‘पाठीमागे का बसतो तो? भित्रा आहे. पेशंटच्या डोळ्यांत बघायची हिंमत नाही. आणि शेवटी म्हातारा खिडकीत एकटाच बसतो, तर बसू दे! शिष्याला बोलवायला तोंड नव्हतं?’’

‘‘शेवट तुम्ही बघितलात कधी?’’ मी म्हटलं. ‘‘घोरत होतात की!’’

‘‘घोरणं वेगळं आणि झोपणं वेगळं, विदुषीबाई.’’

या उत्तराचा मी काडीचाही विचार केला नाही. फालतू माणसाचं फालतू बोलणं.

त्यानंतर आठवडाभरातलीच गोष्ट. काकू संध्याकाळी गॅलरीत बसून भाजी निवडायच्या. आमच्या दोन गॅलऱ्यांच्या मध्ये फक्त एक जाळी. काकांनी आपली खुर्ची ओढत आणली आणि बरोब्बर काकूंच्या पाठीमागे ठेवली. ‘‘इथे वारा येतो. मी जरा पडतो.’’ आणि लगेच घर्र घर्र सुरू. म्हटलं, झालं! एवढी एक जागा बाईला होती, तिथेही हे धूड येऊन पसरलं.

काही दिवस काकू गप्पच. मग एकदा हळूच, भाजीशी बोलावं तसं, म्हणाल्या, ‘‘मनूला मेथी आवडायची नाही.’’ घर्र घर्र चालू. ‘‘थालीपिठात लपवून द्यायचे मी.’’ मी तुळशीला पाणी घालत होते. सहज जाळीतून बघितलं, तर काकांचे डोळे टक्क उघडे. काकूंच्या अंबाड्याकडे बघताहेत, डोळ्यांतून पाणी चाललंय आणि तोंडाने घोरणं सुरूच! माझं पाणी कुंडीतून खाली गेलं, खालच्या वहिनी ओरडल्या, तेव्हा भानावर आले.

मग रोजचंच झालं. हे घोरायचे, त्या बोलायच्या. काकू जेवायला लागल्या, हसायला लागल्या. मी कोणाला बोलले नाही.

एके दिवशी काकू म्हणाल्या, ‘‘मनूला दिवस गेलेत. डिंकाचे लाडू कोण करून घालणार पोरीला?’’ घोरणं क्षणभर अडखळलं आणि पुन्हा दुप्पट जोरात सुरू झालं. दुसऱ्या दिवशी काका कल्याणच्या बाजारातून पिशवीभर डिंक, खारीक, खोबरं घेऊन आले. ‘‘थंडी पडलीय. लाडू कर. भरपूर कर.’’

‘‘एवढे खाणार कोण?’’

‘‘कोणाला द्यायचे त्याला दे. मला सांगू नकोस.’’

डबा मनूकडे मी पोचवला. कल्याणपर्यंत जाऊन आलेल्या या शूर माणसाला मुलीच्या दाराची बेल काही वाजवता आली नाही. मला अजूनही संताप येतो. डोळ्यांत पाणी आणायला येतं, तर तोंडाने एक ‘ये’ म्हणायला काय जात होतं?

ते त्यांनी म्हटलंच नाही. गेल्या थंडीत, गॅलरीतल्या त्याच खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

तेराव्यानंतर मी काकूंकडे गेले. मनू आत मुलीला निजवत होती. गॅलरीत दोन्ही खुर्च्या होत्या तशाच, एकामागे एक. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘काकू, एक सांगू? काका झोपायचे नाहीत हो. जागे असायचे. सगळं ऐकायचे.’’

काकू हसल्या. ‘‘अगं वेडे, इतकी वर्षं शेजारी झोपले मी यांच्या. यांचं खरं घोरणं मला माहीत नाही? खरे झोपले की शिट्टी वाजायची.’’

‘‘मग बोलला का नाहीत कधी त्यांना?’’

‘‘बोलले असते तर यांना जागं व्हावं लागलं असतं. मग पुन्हा तेच, नाव घ्यायचं नाही.’’

त्यांनी मागच्या खुर्चीवरून हात फिरवला.

‘‘त्या दिवशी मी म्हटलं, मनूची पोर उभी राहायला लागलीय म्हणे. आणि घोरणं थांबलं. मला वाटलं, आता म्हणतील, बोलाव तिला. म्हणून मी मागे वळलेच नाही गं. मेथीची जुडी निवडून संपेपर्यंत वाट बघत बसले.’’