कुसुमने तोललेला तारा

कुसुम गेली हे कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. सकाळची साडेआठची वेळ, मी कॉलेजात निघायच्या गडबडीत, आणि तिच्या विभागाचे शिपाई देवराव फाटकाला सायकल टेकवून नुसतेच उभे. "मॅडम, कुसुम मॅडम गेल्या जी," एवढंच म्हणाले. पहाटे छातीत दुखलं, रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्रेपन्न हे काय जायचं वय आहे? आदल्याच दिवशी तिने मला दम भरला होता, "उद्या तराजूची खोली मले पाहिजे. तुझ्या पोरींचं प्रॅक्टिकल दुसरीकडे ने." आणि स्वतःच आली नाही. वीस वर्षांत तिने वेळ चुकवल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

तो राग वाढला शोकसभेत. आमचे प्राचार्य गृहस्थ चांगले, पण माइक हातात आला की भल्याभल्यांचं भान सुटतं. "साधनं नव्हती, संधी नव्हती, नाहीतर बाई कुठल्या कुठे पोचल्या असत्या..." लोकांनी माना हलवल्या. मागून कुणीतरी 'बिचारी' म्हणालं. बिचारी! कुसुम जिवंत असताना हा शब्द तिच्यासमोर काढायची कोणाची छाती झाली नसती. तिला जिथे पोचायचं होतं तिथे ती पोचली होती, नागपुरातून तसूभर न हलता. कशी ते मला ठाऊक आहे, कारण कात्री तिची होती आणि तराजू माझा. म्हणून पाच आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी कॉलेजात लागलो, ती भौतिकशास्त्रात, मी रसायनशास्त्रात. तिचे वडील गिरणीत कामाला होते. छप्पन साली सगळं घर दीक्षा घेऊन परतलं, त्या संध्याकाळी त्यांनी मुलांना समोर बसवून सांगितलं होतं, आता कोणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, आधी तपासायचं. कुसुमने हे इतकं मनावर घेतलं की आमच्या कँटीनवाल्याचा चहासुद्धा 'ताजा' म्हटल्यावर ती पातेल्यात डोकावून यायची.

तिचा जीव जडला होता मृग नक्षत्रातल्या एका ताऱ्यावर. अशा तापलेल्या ताऱ्यांच्या अंगावरून सतत वायू बाहेर वाहत असतो, वाराच म्हणा ना. त्या वाऱ्याची खूण त्यांच्या अतिनील प्रकाशात उमटते, आणि तो प्रकाश आपली हवा जमिनीपर्यंत येऊच देत नाही. तो टिपायचा तर दुर्बीणच हवेच्या वर न्यावी लागते. अशी एक परदेशी दुर्बीण तेव्हा पृथ्वीभोवती फिरत होती, आणि ठरलेली मुदत संपली की तिची निरीक्षणं मागेल त्याला मिळत. 'मागेल त्याला' हे वाचून कुसुमने मागितली. इतकं साधं. बाकीच्यांनी ते वाचलं आणि पान उलटलं. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेकडून रजिस्टर पोस्टाने चुंबकीय फीत आली. देवरावांना वाटलं सिनेमाचं रीळ आलं. ती वाचणारं यंत्र आमच्याकडे कुठलं? कुसुमने फीत परत पाठवली आणि लिहिलं, मला हे सगळं कागदावर आलेख काढून द्या. हसले असतील तिकडे. पण आलेख आले.

आलेखावर त्या वाऱ्याची खूण म्हणजे रेषेत पडलेला खळगा. खळग्याचं क्षेत्रफळ जेवढं मोठं, तेवढा वारा जोराचा. ते मोजायला कुसुम महिनाभर बारीक चौकटी मोजत बसली, डोळे लाल करून घेतले. मला बघवेना. मी म्हटलं, "अवं, आम्ही रसायनवाले काय करतो सांगू? तेवढा भाग कापायचा अन् कागद तोलायचा. जेवढं वजन तेवढं क्षेत्रफळ." त्याच कागदाचा ठरलेल्या मापाचा एक चौकोन कापून तोलला की हिशेब बसतो. आमचा काचेच्या पेटीतला तराजू केसाचंही वजन सांगायचा. कुसुमने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला.

त्या मे महिन्यात आम्ही पहिला आलेख तोलला. जुलैत त्याच ताऱ्याचा, पण दोन वर्षांनंतर टिपलेला आलेख आला, तोही कापला, तोलला. खळगा वजनाला चांगलाच जास्त भरला... म्हणजे ताऱ्याचा वारा दोन वर्षांत वाढला होता! कुसुमने निबंध लिहून संस्थेतल्या साहेबांना पाठवला. त्यांनी तो आपल्या सभेत वाचायचं कबूल केलं. तिच्या नावावरचं पहिलं संशोधन. कॉलेजात पेढे वाटले गेले, तेव्हाच्या प्राचार्यांनी फलकावर खडूने तिचं नाव लिहिलं.

आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली. बाहेर चार दिवसांची झड लागलेली. मी सकाळीच तळून ठेवलेला पापड पानात वाढला. तिने तो मोडायला घेतला, तर मोडेचना, नुसता वाकला. "सादळला वं," मी म्हटलं, "दुसरा तळते, थांब." ती हातातला पापड खालीवर वाकवत राहिली. मग म्हणाली, "शैला... कागदही सादळत असंन ना?"

मापाचा चौकोन आम्ही एकदाच तोलला होता, मे महिन्यात, नागपूरच्या कोरड्या भट्टीत. जुलैचा आलेख पावसाळी हवेचं पाणी पिऊन जड झाला होता, आणि आम्ही मात्र त्याला मेच्याच मापाने मोजलं. निदान वाढीतला काही भाग ताऱ्याचा नव्हता, आमच्या पावसाचा होता. तोलायची युक्ती माझी, म्हणजे चूकही अर्धी माझीच. शरमेने मी नको ते बोलून गेले, "कोणाले समजणार आहे वं? ते लोक तिकडे, आपण इकडे."

"मले समजलं ना," कुसुम म्हणाली. "झालं तर मंग."

ती तशीच उठली. दुसऱ्या दिवशी तिने पत्र टाकलं, माझ्या मोजणीत चूक आहे, निबंध वाचू नये. फलकावरचं नाव तिने स्वतःच्या हाताने पुसलं. आठ दिवस स्टाफरूममध्ये कुजबुज, 'कात्रीने तारे कापायला निघाल्या होत्या!' संस्थेतून उत्तर आलं ते तर त्याहून बोचरं. असली कामं संगणक असलेल्यांवर सोडावीत, तुम्ही शिकवण्यात लक्ष घालावं. मी ते पत्र वाचून रडले. कुसुमने वाचलं, घडी घातली आणि त्याच दुपारी उलट पत्र लिहिलं: सल्ल्याबद्दल आभार. दोन्ही आलेखांच्या नव्या प्रती कृपया एकाच प्रकारच्या कागदावर पाठवाव्यात. मी विचारलं, "आता काहून वं? नाक कापलं तेवढं पुरे नाही झालं?" तर म्हणते, "माप चुकलं होतं. ताऱ्यानं काय केलं ते अजून कोठी समजलं?"

प्रती आल्या. ती मेपर्यंत थांबली. बाकी नागपूर कूलरसमोर बसलं होतं आणि आम्ही तराजूच्या खोलीत कूलर बंद करून, कारण कूलर म्हणजे ओल, पंखा बंद करून, कारण वाऱ्याने पारडं हलतं, खिडक्या लावून. अंगाची अक्षरशः आंघोळ. कागदावर घामाचा थेंब पडू नये म्हणून दोघींनी कपाळाला फडकी बांधलेली. प्रत्येक तुकडा तळाशी ओल शोषणारे खडे घातलेल्या काचेच्या भांड्यात ठेवून आधी वाळवायचा, चिमट्याने उचलायचा, तीनदा तोलायचा, आणि दर वेळी त्याच्याबरोबर मापाचा चौकोनही तोलायचा. मे उतरला की मृग सूर्याबरोबरच मावळतो, आकाशात दिसतही नाही. आमचं त्यावाचून काही अडलं नाही. शेवटच्या दिवशी तिने बेरीज केली, पुन्हा केली, मग वही माझ्याकडे सरकवली. "तू कर." मी केली. वाढ होती. पहिल्या आकड्याच्या निम्मीच, पण होती, आणि आता तिच्यात पाऊस नव्हता.

संस्थेतल्या साहेबांनी संगणकावर पडताळून पाहिलं, आकडा जुळला. त्यांनी तसं लिहून कळवलं, हा त्यांचा मोठेपणा, तो मी नाकारत नाही. मात्र निबंध छापताना परदेशी मासिकाने सुचवलं की कापून तोलल्याचा उल्लेख गाळावा, बरं दिसत नाही. कुसुमने कळवलं, मोजलं कात्रीने तर लिहायचंही कात्रीच. तीन पानं छापून आली. वर तिचं एकटीचं नाव, खाली आमच्या कॉलेजचं, आणि त्याखाली नागपूर. कात्री दुसऱ्या पानावर आहे. सांगा आता, कुठे पोचायची राहिली होती ती?

गेल्या आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. कुसुमचं कपाट रिकामं करायचं होतं, नवीन उपकरणांना जागा हवी म्हणून. मी उघडलं. खाकी पाकिटांची चळत, प्रत्येकात कापलेले तुकडे, वर तारीख आणि वजनं. सगळ्यात खालच्या पाकिटावर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'जुलैची वजनं. चुकीची. फेकू नये.' मी तिथेच फरशीवर बसले. ज्या तुकड्यांनी तिचं गावभर हसं केलं, ते बाईने इतकी वर्षं जपून ठेवले होते, कोणाला तपासायचे असतील तर सापडावेत म्हणून. शोकसभेत न आलेलं रडू तेव्हा आलं, मनसोक्त आलं.

प्राचार्य दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "चुकीचेच आहेत तर ठेवून काय करायचं, मॅडम?"

"सर," मी म्हटलं, "तुम्ही चूक केली तर ती अशी लिहून ठेवाल?"

मी पाकीट जागच्या जागी ठेवलं आणि बाजारातून नवं कुलूप आणून लावलं. नव्या उपकरणांना त्यांनी दुसरी खोली बघावी. किल्ली माझ्याकडे आहे, ज्याला 'बिचारी' म्हणायचं असेल त्याने आधी येऊन कपाट उघडून पाहावं.